आठवीतल्या दोन मुली, दोघींना ८८ टक्के, आणि ऑनर्सचा फॉर्म

अबोली | १० फेब्रुवारी, रात्री ९.४५

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, एक गोष्ट मनातून जात नाहीये. थोडं लांबेल, पण वाचा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत आहे, सप्टेंबरपासून हायस्कूलला जाईल. फेब्रुवारीत इथे पुढच्या वर्षाचे विषय ठरतात. शाळेच्या पोर्टलवर प्रत्येक विषयापुढे शिक्षकांची शिफारस दिसते: साधा वर्ग की ऑनर्स, म्हणजे त्याच विषयाचा वरचा, अवघड वर्ग. ऑनर्स घेतलेल्या मुलांना पुढे एपीची वाट सोपी होते. (भारतातल्या वाचकांसाठी: एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शाळेतच शिकायचा. कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हे चालवते. मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ अशी श्रेणी. ३ किंवा त्यावर श्रेणी आली की बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. एका परीक्षेची फी साधारण शंभर डॉलर.)

लेकीला विज्ञानात ८८ टक्के. आमच्या शाळेत ऑनर्सला ९० लागतात आणि वर शिक्षकांची शिफारस. शिफारस साध्या वर्गाची आली. ती रडली, मी समजूत घातली. तिथेच सगळं संपलं असतं. पण आमच्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीनं सांगितलं, "अगं, वेव्हरचा, म्हणजे अट माफ करायचा फॉर्म असतो. आईवडिलांनी सही केली की शाळेला घ्यावंच लागतं." शाळेच्या वेबसाइटवर शोधत शोधत गेले तर एका जुन्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर तो फॉर्म सापडला. भरला, काउन्सेलरला पाठवला. दोन दिवसांत विज्ञान ऑनर्स लागलं.

आता खरी गोष्ट. लेकीची जिवलग मैत्रीण विज्ञानाच्या तासाला तिच्याच टेबलावर बसते. तिलाही ८८. शिफारस तीच, साधा वर्ग. सायन्स फेअरचा प्रकल्प दोघींनी मिळून केला होता आणि त्यातली अवघड गणितं त्या मुलीनं सोडवली होती, हे मी माझ्या जेवणाच्या टेबलावर पाहिलंय. तिची आई एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते. घरात स्पॅनिश बोलतात. त्यांना फॉर्म असतो हेच माहीत नाही.

लेक म्हणाली, "आई, मला मिळालं, मग तिला का नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट (इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) सध्या याच नियमांचा फेरविचार करतंय. तीन प्रस्ताव आहेत. वेव्हर बंद करून प्रवेश परीक्षा घ्यायची. किंवा अटच काढायची, ज्याला हवं त्यानं बसावं. किंवा नववीचे ऑनर्स वर्ग बंद करून सगळ्यांना एकत्र शिकवायचं. २७ तारखेला स्कूल बोर्डाची खुली सभा आहे, प्रत्येक पालकाला तीन मिनिटं मिळतात. मला बोलायचंय, पण काय मागावं हे अजून नीट उमगत नाहीये. तुमचे अनुभव सांगा.

वाटसरू | १० फेब्रुवारी, रात्री ११.२०

तिसऱ्या प्रस्तावाला कडाडून विरोध करा, बाकीचं नंतर.

मी बे एरियात आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी २०१४ मध्ये हेच केलं. आठवीचं बीजगणित काढलं आणि सगळ्यांना नववीत एकत्र. हेतू चांगला होता, त्याबद्दल मला शंका नाही. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं खालच्या वर्गांत अडकतात, तर ते वर्गच नकोत, असा विचार. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी बीजगणित बाहेर शिकवून घेतलं, कोणी उन्हाळ्यात ऑनलाइन, कोणी खासगी शाळेत. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या मुलांची बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचायची वाट आणखी अवघड झाली. दहा वर्षं पालक भांडत होते. २०२४ च्या फेब्रुवारीत बोर्डानं आठवीचं बीजगणित परत आणायचा निर्णय घेतला, आणि मार्चमध्ये शहरात त्यावर मतदान झालं तेव्हा ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांनी 'परत आणा' म्हटलं.

वरचा मजला पाडला की तळमजल्यावरचे लोक वर जात नाहीत. ज्यांच्याकडे शिडी विकत घ्यायला पैसे आहेत तेवढेच बाहेरून चढतात.

मोरपीस | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

अबोली, तुझी तळमळ पटते. पण एक आई म्हणून दुसरी बाजू सांगते. माझ्या मुलानं अकरावीत पाच एपी घेतले. सगळे घेतात म्हणून. त्या वर्षी त्याला रात्री पाच तासांपेक्षा जास्त झोपलेला मी पाहिला नाही. जानेवारीत तो एके दिवशी गाडीतून उतरेचना, शाळेच्या दारात. नंतर आम्ही दोन विषय सोडले, समुपदेशकाकडे गेलो, आता तो बरा आहे.

न्यू जर्सीतल्याच वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टचं २०१५ चं प्रकरण आठवत असेल. सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी, मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना पत्र लिहिलं, चौथी-पाचवीचा प्रगत गणिताचा वर्ग बंद केला, हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या. आपल्यापैकी पुष्कळ पालक तेव्हा चिडले होते. मीही चिडले होते. आज तेवढी खात्री वाटत नाही. सगळ्यांना दार उघडा म्हणताना आत काय आहे तेही मुलांना सांगायला हवं.

वाटसरू | ११ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

मोरपीस, मुलगा सावरला हे वाचून बरं वाटलं. एक माहिती इतर पालकांसाठी: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात प्रवेशासाठी जीपीए (गुणांची सरासरी) काढताना एपी-ऑनर्सचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरचेच धरतात. म्हणजे वर्षभराचे चार विषय. तरी आमच्याकडे मुलं दहा-दहा एपी करतात, कारण शेजारचा करतो. हा मुद्दा मात्र अबोलीताईंच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. एका मुलाला पाच विषय झेपले नाहीत म्हणून दुसऱ्या मुलीला एकही मिळू नये असं होत नाही.

पाटीपेन्सिल | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

मी टेक्सासमध्ये पब्लिक स्कूलला गणित शिकवते, अकरा वर्षं झाली. शिफारस कशी लिहिली जाते ते आतून सांगते.

जानेवारीत आम्हाला मुलांची यादी येते. माझ्याकडे पाच वर्ग, म्हणजे एकशे चाळीस मुलं. प्रत्येक नावापुढे एक पर्याय निवडायचा. मुदत एका आठवड्याची, आणि त्या आठवड्यात शिकवणं, तपासणं, पालकांच्या भेटी सगळं चालूच असतं. खरं सांगते, बहुतेक नावं एका संध्याकाळी उरकतात. त्या वेळी डोळ्यांसमोर कोण येतं? वेळेवर गृहपाठ देणारी मुलगी येते. हात वर करणारा मुलगा येतो. ज्याची आई ईमेल करते तो येतो. मागे बसून कोणाला न विचारता गणित सोडवणारा येत नाही. धाकट्या भावंडांना सांभाळून गृहपाठ उशिरा देणारी आली तरी 'बेजबाबदार' म्हणून येते.

अबोलीताई, त्या मैत्रिणीच्या ८८ ची फोड बघायला सांगा. चाचण्यांचे किती, गृहपाठाचे किती. मी माझ्या वर्गाची ही फोड एका वर्षी करून पाहिली. ८५ ते ९० मधल्या नऊ मुलांपैकी चौघांचे चाचण्यांचे गुण ९३ च्या वर होते. त्यांचे गुण उशिरा दिलेल्या गृहपाठानं खाल्ले होते. त्या चौघांपैकी तिघांना मी आदल्या महिन्यात साध्या वर्गाची शिफारस दिलेली होती. मी स्वतः. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता पायऱ्यांचा हिशेब. बारावीत कॅल्क्युलस हवं तर अकरावीत प्रीकॅल्क्युलस, दहावीत बीजगणित २, नववीत भूमिती, म्हणजे आठवीत बीजगणित १ व्हायलाच हवं. त्यासाठी सहावीत प्रगत गणिताच्या वर्गात असावं लागतं. म्हणजे मुलगा इंजिनिअरिंगकडे कुठल्या वाटेनं जाणार याचा पहिला निर्णय तो अकरा वर्षांचा असताना होतो, आणि तो कोणीतरी एका संध्याकाळी यादीवर टिचकी मारून घेतं.

म्हणून टेक्सासनं २०२३ मध्ये कायदा केला. पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं प्रत्येक मूल सहावीत आपोआप प्रगत गणितात जातं. नको असेल तर पालकांनी लिहून द्यायचं. तुमच्याकडे आत यायला फॉर्म लागतो, इथे बाहेर पडायला लागतो. बदल एवढाच. डॅलसच्या शाळांनी हे कायद्याच्या आधीच, २०१९ च्या सुमारास सुरू केलं होतं. पूर्वी तिथे हिस्पॅनिक मुलांपैकी साधारण एक तृतीयांश प्रगत गणितात असायची, ती साठ टक्क्यांच्या आसपास गेली. कृष्णवर्णीय मुलं पाचांत एक होती, ती चाळीस टक्क्यांच्या वर गेली. गोऱ्या मुलांचं प्रमाणही वाढलंच, कोणाची जागा कोणी घेतली नाही.

आणि ही मुलं काही एका वर्षात हुशार झाली नव्हती. गुण त्यांच्याकडे आधीपासूनच होते, पण विचारत कोणी नव्हतं.

निळीशाई | ११ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नाशिकहून लिहितोय. तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त.

इकडे एपी नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. सीबीएसईनं २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताचे दोन स्तर केले, स्टँडर्ड आणि बेसिक. वर्गात शिकवणं एकच, अभ्यासक्रम एकच, फक्त प्रश्नपत्रिका वेगळी. ज्यानं बेसिक घेतलं त्याला अकरावीत नेहमीचं गणित घेताना अडचण. आमच्या राज्य मंडळातही पूर्वी 'सामान्य गणित' हा पर्याय होता, २०१८ च्या नव्या पुस्तकांबरोबर तो गेला.

पर्याय वाईट होता असं मी म्हणणार नाही. गणिताच्या धास्तीनं शाळा सोडणारी मुलं त्यामुळे दहावी झाली, हे मी पाहिलंय. पण तो कोणाला सुचवला जायचा ते सांगतो. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून आम्ही शिक्षकच काठावरच्या मुलांच्या आईबापांना बोलावून सांगायचो, "सामान्य गणित घ्या, सोपं जाईल." ज्यांचे वडील स्वतः शिकलेले ते विचारायचे, पुढे सायन्सला चालेल का? शेतमजुराच्या घरचे विचारायचे नाहीत. गुरुजींनी सांगितलं म्हणून अंगठा किंवा सही करून जायचे. त्या सहीचा अर्थ त्यांना दोन वर्षांनी कॉलेजच्या खिडकीवर कळायचा.

एक विद्यार्थी मला नंतर बाजारात भेटला, भाजीच्या गाड्यावर. म्हणाला, "सर, मला आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स करताना कळलं की मला गणित येतं." अजून त्याचा चेहरा समोर येतो.

अबोलीताई, तुम्ही त्या बाईंना फॉर्मचं सांगितलंत का?

अबोली | १२ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

निळीशाई सर, अजून नाही. खरं कारण लिहिते. मला भीती वाटली की आपण आगंतुकपणे त्यांच्या घरच्या बाबतीत बोलतोय असं त्यांना वाटेल. आणि दुसरं, कुठेतरी मनात आलं की जागा मोजक्या असतील तर? हे लिहिताना वाईट वाटतंय, पण आलं होतं मनात.

सह्यकडा | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

अबोली, मनात आलं ते लिहिलंत, बरं केलंत. सगळ्या वादाचं मूळ तिथेच आहे. मी आमच्या डिस्ट्रिक्टच्या समितीवर दोन वर्षं पालक-प्रतिनिधी होते, तिथे शिकलेलं सांगते.

वर्गात किती जागा हे मुलांच्या क्षमतेवर ठरत नाही, सेक्शनवर, म्हणजे तुकड्यांवर ठरतं. मार्चमध्ये मुलांच्या मागण्या एकत्र होतात. त्यावरून शाळा ठरवते, ऑनर्स विज्ञानाचे दोन सेक्शन की तीन. एका सेक्शनला अठ्ठावीस मुलं धरली तर दोनमध्ये छप्पन्न. मागण्या सत्तर आल्या तर तिसरा सेक्शन काढायला शिक्षक हवा, प्रयोगशाळा रिकामी हवी, आणि साध्या वर्गाचा एक सेक्शन कमी करायला हवा. हे सगळं करण्यापेक्षा सोपं काय? अट ९० वर ठेवणं. मग छप्पन्नच येतात. आमच्या समितीत मी विचारलं होतं, ९० का, ८७ का नाही? कोणाकडे उत्तर नव्हतं. वर्षानुवर्षं तेवढाच आकडा दोन सेक्शनमध्ये बसत होता, म्हणून ९०.

तेव्हा तुमच्या लेकीची आणि तिच्या मैत्रिणीची लढत एकमेकींशी नाहीच. दोघींनी मागणी नोंदवली तर तिसरा सेक्शन निघायची शक्यता वाढते. मागणी आलीच नाही तर शाळा म्हणते, बघा, कोणाला नकोच आहे.

सभेत आकडे मागा. भाषणापेक्षा त्याचा उपयोग होतो. गेल्या तीन वर्षांत किती वेव्हर आले? कोणत्या मिडल स्कूलमधून? किती घरांत इंग्रजीखेरीज भाषा बोलली जाते? आणि सगळ्यात महत्त्वाचं, वेव्हरनं गेलेल्या मुलांचं पुढे काय झालं? आमच्याकडे हा शेवटचा आकडा काढायला लावला तेव्हा कळलं की त्यांतली बहुतेक मुलं 'बी' श्रेणीत किंवा त्याच्या वर होती. मग अट कशासाठी, हा प्रश्न बोर्डाच्या सभासदांनीच विचारला.

आणि तुमच्या राज्यातलंच उदाहरण: साउथ ऑरेंज-मेपलवूड. २०१४ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयानं त्या डिस्ट्रिक्टशी करार केला, कारण वरच्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं त्यांच्या संख्येच्या मानानं फार कमी होती. अटी, शिफारशी, समुपदेशन, सगळं तपासायला लावलं. म्हणजे हा पालकांचा हट्ट नाही, कायद्याचा विषय आहे. सभेत हे नाव घेतलंत तर डिस्ट्रिक्टचा वकील मान वर करून बघेल.

वाटसरू | १२ फेब्रुवारी, रात्री ८.१०

आपोआप प्रवेशाला माझा विरोध नाही. पण पहिला प्रस्ताव, परीक्षेचा, तुम्ही सगळे इतक्या सहज का बाजूला सारताय? शिक्षकाची मर्जी, आईची ओळख, ग्रुपवरची माहिती, यांपेक्षा परीक्षा बरी. पेपर तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही. मी चाळीत वाढलो. माझ्यासाठी वशिला लावणारं कोणी नव्हतं. दहावीच्या आणि बारावीच्या गुणांनी मला इथवर आणलं. परीक्षा गेली तर माझ्यासारख्यांचं काय?

आणि दार उघडून भागत नाही. हाइमे एस्कलांतेंचं नाव बहुतेकांना माहीत असेल, ईस्ट लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलचे गणिताचे शिक्षक, मूळचे बोलिव्हियाचे. १९८२ मध्ये त्यांची अठरा मुलं एपी कॅल्क्युलस पास झाली, तर परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं चौदा जणांवर संशय घेतला. बारा जण पुन्हा बसले आणि बाराही पास झाले. लोक एवढंच सांगतात. त्यामागे किती वर्षांची बांधणी होती ते सांगत नाहीत. पुढे तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) उन्हाळी वर्ग चालायचे, तिथे मुलं बीजगणितापासून पाया पक्का करायची. नुसतं 'या, बसा' म्हणून त्यांनी एकालाही कॅल्क्युलसला बसवलं नव्हतं.

पाटीपेन्सिल | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५५

वाटसरू, तुमच्या दोन्ही मुद्द्यांशी मी जवळजवळ सहमत आहे.

परीक्षेबद्दल. प्रश्न परीक्षा असावी की नसावी हा नाही, परीक्षेला कोण बसतं हा आहे. तुम्ही दहावीला बसलात तेव्हा वर्गातलं प्रत्येक मूल बसलं होतं. अबोलीताईंच्या शाळेचा प्रस्ताव तसा आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी अशी प्रवेश परीक्षा शनिवारी सकाळी असते, आधी नाव नोंदवावं लागतं, शाळेत सोडायला गाडी लागते. म्हणजे पुन्हा ज्यांना माहीत आहे तेच बसणार. आणि त्यांच्यासाठी दोन महिन्यांत शिकवणी वर्ग निघणार, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीचा अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी केलेला. कार्ड यांना २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. ब्रॉवर्डमध्ये आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवायचे, मग मुलाची 'गिफ्टेड' (विशेष हुशार मुलांच्या वर्गासाठीची) चाचणी व्हायची. २००५ पासून दुसरीतल्या प्रत्येक मुलाची एक छोटी, शब्दांवर अवलंबून नसलेली चाचणी घ्यायला लागले. निवडल्या गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी. पुढे पैशांच्या तंगीत ती सरसकट चाचणी थांबवली आणि आकडे पुन्हा खाली आले. ही मुलं तिथे होती, आधीही आणि नंतरही.

राज्याची परीक्षा सगळी मुलं देतातच, फुकट, शाळेच्या वेळेत. तिचेच गुण वापरा, नवी परीक्षा कशाला? उत्तर कॅरोलिनानं २०१८ मध्ये गणितासाठी हेच कायद्यात घातलं. वॉशिंग्टन राज्यात २०१९ च्या कायद्यानं प्रत्येक डिस्ट्रिक्टला हायस्कूलसाठी असं धोरण करायला लावलं.

आता एस्कलांतेंचा मुद्दा. आमच्या शाळेत आपोआप प्रवेशाचं पहिलं वर्ष होतं, तेव्हा माझ्या वर्गात पहिल्या चाचणीत आठ मुलं नापास झाली. शिक्षकांच्या खोलीत "सांगितलं नव्हतं का" सुरू झालं. आम्ही दोघींनी मुख्याध्यापकांकडे जाऊन रोजचा एक जादा तास मागून घेतला, जेवणाच्या सुट्टीला जोडून. अपूर्णांक, ऋण संख्या, समीकरण मांडणं, एवढंच. आठांतली सहा मुलं वर्षअखेर नीट पास झाली. दोघांनी सहाव्या आठवड्यात साधा वर्ग घेतला, आणि त्यांच्या प्रगतिपत्रकावर त्याची खूण राहू नये अशी सोय आम्ही आधीच करून घेतली होती. परत जायची वाट बिनदंडाची हवी. ती नसेल तर घाबरणारं मूल येणारच नाही. मोरपीसताईंची काळजी मला इथे लागू वाटते.

पण तो जादा तास मिळाला नसता तर? तर मी आज इथे आपोआप प्रवेशाच्या विरोधात लिहीत असते. दार आणि जिना दोन्ही मागा.

पंचगंगा | १३ फेब्रुवारी, पहाटे १.२०

मी सहसा वाचतेच फक्त, लिहीत नाही. पण हे वाचून राहवलं नाही. मराठी लिहायची सवय सुटलीय, चूकभूल समजून घ्या.

मी कोल्हापुरात नववी करून आईबाबांबरोबर इकडे आले. इथे दहावीत घेतलं. माझ्या मार्कशीटवर गणित भाग १ आणि भाग २ असं होतं. काउन्सेलर बाईंना त्याचं काय करायचं कळेना. इकडे एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती असतं. आपल्याकडे दोन्ही दरवर्षी थोडं थोडं. त्यांनी विचारलं, "बीजगणित १ पूर्ण झालंय का?" बाबा म्हणाले, थोडं झालंय, थोडं दहावीत असतं. खरंच बोलले ते. बाईंनी बीजगणित १ ला घातलं. माझ्याबरोबर नववीची मुलं. पहिल्याच आठवड्यात कळलं की यातलं बहुतेक मला येतं. पण माझं इंग्रजी तेव्हा तुटक होतं, मी इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात होते, आणि तिथल्या कुठल्याही मुलाला ऑनर्समध्ये मी पाहिलं नाही. मला वाटलं नियमच असेल तसा.

वर्ग बदलता येतो, प्लेसमेंट टेस्ट मागता येते, हे मला बारावीत कळलं. तोवर बारावीत कॅल्क्युलस करायची वेळ गेली होती. मी ते नंतर कम्युनिटी कॉलेजमध्ये केलं, ए मिळाला. आता इंजिनिअरिंग करतेय, सगळ्यांपेक्षा दोन सेमिस्टर मागे.

अबोली मावशी, त्या मैत्रिणीला सांगाच. आगंतुक वगैरे काही वाटत नाही हो. मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यांना जन्मभर विसरले नसते.

मोरपीस | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

पंचगंगा, बाळ, लिहीत जा. तुझं मराठी उत्तम आहे.

निळीशाई | १३ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

पंचगंगा, तुझ्यासारख्या मुलांसाठी इकडून काही करता येईल का हा विचार करतोय. परदेशी जाणाऱ्या मुलाच्या पालकांना शाळेनं मार्कशीटबरोबर नववी-दहावीच्या गणिताच्या प्रकरणांची यादी इंग्रजीत, शिक्का मारून द्यावी. फारसं काम नाही. मी माझ्या जुन्या शाळेत आजच जाऊन बोलतो. बाकीच्या शिक्षकांनीही आपापल्या शाळेत विचारावं.

अबोली | १४ फेब्रुवारी, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचगंगा, तुझी पोस्ट मी लेकीला वाचून दाखवली.

काल संध्याकाळी त्या मैत्रिणीच्या घरी गेले. आई कामावर निघायच्या तयारीत होत्या. लेकीची मैत्रीणच दुभाषी झाली. मी फोनवर फॉर्म दाखवला. त्यांनी दोनदा विचारलं, याचे पैसे पडतात का. नाही म्हटलं. मग विचारलं, शाळा रागावेल का, शिक्षकांच्या विरुद्ध सही केली म्हणून. त्यावर मी लगेच 'नाही' म्हणू शकले नाही, कारण हीच भीती मलाही वाटली होती. म्हटलं, मी पण केली, काही झालं नाही.

पाटीपेन्सिलताई, तुम्ही सांगितलेली गुणांची फोड आम्ही तिथेच पोर्टलवर उघडून बघितली. तिच्या चाचण्यांचे गुण ९४ आहेत. माझ्या लेकीचे ८९. गृहपाठात तिचे गेलेत, कारण मंगळवारी आणि गुरुवारी ती धाकट्या भावाला पाळणाघरातून आणते.

२७ तारखेचं भाषण असं ठरवलंय. वर्ग बंद करू नका. नवी परीक्षा नको, राज्य परीक्षेचे गुण किंवा वर्गातल्या चाचण्यांचे गुण, यांतलं जे चांगलं असेल ते धरून आपोआप प्रवेश द्या. नको असेल तर पालक लिहून देतील. पत्र घरच्या भाषेत पाठवा, पोर्टलवर लपवू नका. पहिल्या सत्रात जादा तास, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत बिनदंडाची परतीची वाट. दुसऱ्या देशातून आलेल्या प्रत्येक मुलाची प्लेसमेंट टेस्ट शाळेनं स्वतःहून घ्यावी, मागायची वाट बघू नये. हे पंचगंगेसाठी घातलंय. आणि सह्यकडाताईंचे चार आकडे लेखी मागणार आहे. तीन मिनिटांत बसतं, घड्याळ लावून बघितलं.

फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे. त्यांच्या घरी प्रिंटर नाही म्हणून मी छापून ठेवलाय. उद्या सकाळी त्या पाळी संपवून सात वाजता घरी येतात, तेव्हा सही घ्यायला जाणार आहे.

पाटीपेन्सिल | १४ फेब्रुवारी, रात्री १०.४०

अबोलीताई, दोघींना उन्हाळ्यात शनिवारी सकाळी तासभर झूमवर बसवा. मी शिकवीन. तुमच्या वेळेनं दहा वाजता चालेल, म्हणजे भावाचं पाळणाघर आड येणार नाही. आईंना विचारून कळवा.